वाटीभर वरणात डाळ किती? भरतीच्या पोरांवर फील्ड प्रोजेक्ट करण्याची पद्धत

पहाटे साडेपाचला लातूर, नांदेड, परभणी, बीड अशा कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी मैदानावर गेलात तर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळताना दिसतील. खोली करून राहायचं, मेस लावायची, दिवसभर अभ्यासिकेत बसायचं आणि सकाळ-संध्याकाळ ग्राउंड मारायचं, असा त्यांचा दिवस. व्यायामशास्त्र आणि पोषण शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळा, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळा. धावण्याच्या मोठ्या अंतराला २० गुण, बाकी दोन्हींना १५-१५. म्हणजे कामगिरीचा आकडा सेकंदात आणि मीटरमध्ये तयारच असतो. आपल्याला शोधायचं असतं ते ताटातलं.

आपल्याकडे व्यायाम आणि पोषण हे दोन विषय बहुधा वेगवेगळ्या इमारतींत शिकवले जातात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात अन्न आणि पोषण शिकवतात, शारीरिक शिक्षण विभागांत चाचण्या आणि प्रशिक्षण. नवीन शैक्षणिक धोरणामुळे पदवीत फील्ड प्रोजेक्ट आला आहे आणि हे दोन्ही जोडायची संधी तिथेच आहे. मात्र बहुतेक फायली जाड असतात आणि आतले आकडे पोकळ. 'दोन भाकरी, एक वाटी वरण' असं लिहून घ्यायचं आणि पुस्तकातला तक्ता जोडायचा, एवढ्यावर काम उरकतं. भाकरी तोलून कोणी बघत नाही.

आधी प्रश्न लहान करा

'आहाराचा कामगिरीवर होणारा परिणाम' हा प्रश्न एका सेमिस्टरमध्ये सुटत नाही. 'एका मेसवर जेवणाऱ्या १२ मुलांना रोज किती ऊर्जा आणि प्रथिनं मिळतात, आणि त्यांचं सोळाशे किती मिनिटांत बसतं' हा सुटतो. एकच मेस धरण्याचा मोठा फायदा म्हणजे स्वयंपाकाचं वजन एकदाच करावं लागतं. बारा मुलं बारा घरी जेवत असतील तर बारा स्वयंपाकघरांत तराजू घेऊन उभं राहावं लागेल, आणि ते कोणी करत नाही. मग अंदाजे आकडे भरले जातात.

सुरू करण्याआधी मार्गदर्शकांची आणि कॉलेजची लेखी परवानगी घ्या. प्रत्येकाची मराठीतल्या संमतिपत्रावर सही हवी. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांचीही. मुलींची मापं घ्यायला सोबत मुलगीच हवी. यादीत नावाऐवजी क्रमांक टाका, कारण मेसमध्ये वह्या फिरतात आणि कोणाचं वजन किती यावरून पुढे महिनाभर चेष्टा होते.

पळवण्याआधी सात गोष्टी विचारायच्या: हृदयाचा त्रास सांगितला आहे का, व्यायाम करताना छातीत दुखतं का, बसल्या जागी दुखतं का, चक्कर किंवा शुद्ध हरपणं, हाडा-सांध्याचा त्रास, बीपीची गोळी, आणि व्यायाम टाळावा असं दुसरं काही कारण. एकाही प्रश्नाला 'हो' आलं तर आधी डॉक्टर, चाचणी नंतर.

उंची आणि वजन: सोपं वाटतं, तिथेच चुका

वजनकाटा डिजिटल, १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा. खोलीतली शहाबादी फरशी बहुधा उंचसखल असते. काटा डुगडुगला की एकाच माणसाचं वजन दोनदा वेगळं येतं. खाली जाड प्लायवूड टाका. काटा खरा आहे का हे रोज तपासायचं तर किराणा दुकानातली शिक्का मारलेली वजनं आणा, नाहीतर मापाने भरलेलं १० लिटर पाणी ठेवा. भांड्याचं वजन वजा करून १० किलोच यायला हवं. वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, हलक्या कपड्यांत. खिशातला मोबाईल आणि किल्ल्या बाहेर.

उंचीसाठी भिंतीला न ताणणारी टेप चिकटवा. टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला. नजर समोर, डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. हनुवटी वर उचलली की माप बिघडतं. डोक्यावर पट्टी नव्हे, काटकोनी लाकडी ठोकळा टेकवा. माणूस दिवसभरात साधारण एक सेंटिमीटर बुटका होतो, कारण मणक्यांमधल्या चकत्या दबतात. भरतीला मुलांना १६५ आणि मुलींना १५५ सेंटिमीटर उंची लागते. काठावरच्या पोराला हा एक सेंटिमीटर फार महागात पडतो, म्हणून सगळ्यांची उंची एकाच वेळी, सकाळी घ्या.

बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) काढाल तेव्हा आशियाई लोकांसाठीची मर्यादा वापरा: २३ पासून जादा वजन. आणि गोळाफेकीची जाड दंडाची पोरं यात उगाच 'जादा' ठरतात, हे अहवालात लिहा.

दम मोजणे: स्टेप टेस्ट

ट्रेडमिल आणि गॅस अॅनालायझर लागत नाही. क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्टला एक बाक, एक घड्याळ आणि मेट्रोनोमचं (ठराविक वेगाने टिकटिक करणारं) मोबाईल अॅप पुरतं.

बाकाची उंची ४१.३ सेंटिमीटर (सव्वासोळा इंच). वर्गातला बाक ४५ सेंटिमीटरचा असेल तर तो चालणार नाही. सुताराकडून ठोकळा करून घ्या, दोनजण उभे राहिले तरी हलणार नाही असा. चाल चार ठोक्यांची: उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. मुलांसाठी मिनिटाला २४ फेऱ्या म्हणजे मेट्रोनोम ९६ वर. मुलींसाठी २२ फेऱ्या म्हणजे ८८ वर. वेळ तीन मिनिटं. थांबल्यावर खाली बसू द्यायचं नाही. उभ्यानेच, पाचव्या सेकंदापासून विसाव्या सेकंदापर्यंत १५ सेकंद नाडी मोजा, चारने गुणा. त्यावरून व्हीओटू मॅक्स निघतं, म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा:

मुलगे: व्हीओटू मॅक्स = १११.३३ − (०.४२ × मिनिटाची नाडी)
मुली: व्हीओटू मॅक्स = ६५.८१ − (०.१८४७ × मिनिटाची नाडी)

एखाद्या मुलाचे १५ सेकंदांत ३८ ठोके आले तर मिनिटाला १५२, आणि उत्तर सुमारे ४७.५ मि.ली. प्रति किलो प्रति मिनिट. आता ३८ ऐवजी ३९ मोजले तर उत्तर थेट १.७ ने खाली येतं. एका ठोक्याची एवढी किंमत आहे, म्हणून मोजणाऱ्याने आधी आठवडाभर मित्रांवर हात बसवावा. सर्वात नेहमीची चूक पहिल्या ठोक्याची: घड्याळ ठोक्याबरोबर सुरू केलं तर तो ठोका 'शून्य', घड्याळ आधीच चालू असेल तर 'एक'. दुसरी चूक नाडी शोधण्यातच दहा सेकंद घालवणं. तोवर नाडी उतरते आणि पोरगं कागदावर उगाच दमदार दिसतं. मानेतली नाडी घेत असाल तर एकाच बाजूने, हलक्या बोटाने. दाबलं की ठोके मंदावतात, क्वचित भोवळही येते.

चाचणीआधी दोन-तीन तास जेवण, चहा, तंबाखू काही नको. आदल्या संध्याकाळी जोरात पळालेलं नको. आणि वेळ सकाळचीच. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी चाचणी घेतली तर नाडी उन्हानेच वर गेलेली असते, तो दमाचा आकडा राहत नाही.

सोळाशे

मैदान टेपने मोजा. मोबाईलच्या जीपीएसवर विसंबू नका. लहान गोल मैदानावर तो वळणं कापतो. पूर्ण २० गुणांसाठी मुलांना सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदांत लागतं, म्हणजे ३१० सेकंद, म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. नुसती शेवटची वेळ लिहू नका, चारही फेऱ्यांची वेळ लिहा. ६८, ७६, ८५, ८८ अशा फेऱ्या आल्या तर एकूण ३१७ होतात आणि पोरगं म्हणतं 'ताकद कमी पडते, पावडर घ्यावी का'. त्याचं उत्तर पहिल्या फेरीत आहे: तो साडेनऊ सेकंद आधीच पळून बसला होता.

ताट: इथे वेळ घाला

प्रत्येकाचा तीन दिवसांचा आहार घ्या. दोन नेहमीचे आणि एक रविवार, कारण रविवारी कोणाकडे मटण असतं तर कोणी गावाकडे जाऊन आलेलं असतं. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र असेल तर तो दिवस वेगळा नोंदवा. साबुदाण्याच्या दिवसाची सरासरी भाकरीच्या दिवसात मिसळली की दोन्ही खोटे ठरतात.

विचारण्याची पद्धत पाच फेऱ्यांची. आधी त्याला न थांबवता सांगू द्या, मग विसरलेल्या गोष्टी, मग वेळ आणि जागा, मग माप, आणि शेवटी सगळं वाचून दाखवा. 'नाश्ता काय केला?' असं विचारलं की 'काही नाही' येतं. असं विचारा:

'उठल्यावर तोंडात पहिलं काय गेलं?'
'चहा.'
'चहाबरोबर?'
'काही नाही. दोन बिस्किटं.'
'ग्राउंडवरून येताना टपरीवर थांबला होता?'
'हा, एक वडापाव. तो पण धरायचा का?'

तोही धरायचा. गूळ-शेंगदाणे, मुरमुरे, सुशीलेची (फोडणीच्या मुरमुऱ्यांची) अर्धी प्लेट, मित्राच्या डब्यातला धपाटा, हे सगळं दुसऱ्या फेरीतच निघतं. आणि विचारताना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. 'एवढंच?' म्हणालात की पुढच्या दिवशी तो दोन भाकरी वाढवून सांगतो.

आता तराजू. पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घेऊन मेसच्या मावशींकडे सकाळी जा. आधी दोन दिवस नुसतं बसा, मग तोला. नाहीतर पाहुणा आला म्हणून त्या दिवशी डाळ जास्त पडते.

भाकरीसाठी पिठाचा डबा आधी तोला. शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की पुन्हा तोला, परातीत उरलेलं आणि थापताना सांडलेलं पीठ गोळा करून वजा करा. समजा २ किलो ज्वारीच्या पिठात २४ भाकरी झाल्या, म्हणजे एका भाकरीला ८३ ग्रॅम पीठ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत ३३४ किलोकॅलरी आणि सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आहेत. म्हणून एक भाकरी २७७ किलोकॅलरी, ८.३ ग्रॅम प्रथिनं. इथे हमखास होणारी चूक अशी: भाजलेली भाकरी तोलली की पाण्यामुळे १३० ग्रॅमच्या आसपास भरते, आणि तेच वजन तक्त्याला लावलं जातं. उत्तर ४३४ येतं. तक्त्यातली ज्वारी कच्ची आहे. हिशेबही कच्च्या पिठाचाच करायचा.

वरणाचं तर त्याहून वाईट. पुस्तकातली 'एक वाटी वरण' सहसा ३० ग्रॅम कच्ची डाळ धरते, म्हणजे साडेसहा ग्रॅम प्रथिनं. मेसमध्ये अर्धा किलो तूरडाळ शिजली आणि फोडणी-पाणी पडून पातेलं ७ लिटरवर गेलं, तर १५० मि.ली.च्या वाटीत डाळ किती? ५०० ला ७००० ने भागा, १५० ने गुणा: १०.७ ग्रॅम. प्रथिनं सव्वादोन-अडीच ग्रॅम. दिवसाला दोन वाट्या धरल्या तर पुस्तक १३ ग्रॅम लिहितं आणि ताटात साडेचारच असतात. पातेल्याची पातळी मोजायला काठीवर आधीच लिटरच्या खुणा करून ठेवा, आणि वाढण्याआधी ढवळून घ्या; आधी जेवणाऱ्याला वरचं पाणी आणि शेवटच्याला तळाची डाळ मिळते, हेही नोंदवण्यासारखं आहे.

तेलाचं सोपं: डबा आठवड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी तोला, जेवणाऱ्यांच्या संख्येने आणि दिवसांनी भागा.

६२ किलोच्या एका मुलाचा दिवस असा निघू शकतो (समजण्यासाठी घेतलेलं उदाहरण):

सहा भाकरी (४९८ ग्रॅम पीठ): १६६३ किलोकॅलरी, ४९.७ ग्रॅम प्रथिनं
दोन वाट्या वरण: ७१, ४.६
शेंगदाण्याची चटणी, ३० ग्रॅम दाणे: १५६, ७.१
पोह्यांची प्लेट, ६० ग्रॅम पोहे: २१२, ४.५
तीन चहांतलं म्हशीचं दूध, १०० मि.ली.: १०७, ३.७
साखर ३० ग्रॅम: १२०
तेल ३० ग्रॅम: २७०
भाज्या: ७०, ४

एकूण सुमारे २,६७० किलोकॅलरी आणि ७३-७४ ग्रॅम प्रथिनं, किलोमागे १.२. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं आणि मध्यम श्रमाच्या ६५ किलोच्या पुरुषाला २,७१० किलोकॅलरी आहेत. रोज कसून व्यायाम करणाऱ्याला १.२ ते २ ग्रॅम लागतात. म्हणजे पोरगं उपाशी नाही. प्रथिनांच्या खालच्या काठावर उभं आहे. पण बघा, प्रथिनांतला दोन तृतीयांश वाटा एकट्या भाकरीचा आहे. ज्वारीत लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) कमी, आणि तिची प्रथिनं शिजल्यावर पचायलाही जड. लायसिन भरून काढते ती डाळ, आणि ती तर पातेल्यात पाण्याखाली गेली. भाकरीबरोबर डाळ, हुलग्याचं माडगं, हरभऱ्याची येसर आमटी ही जुनी जोडी मेसच्या भावात बसत नाही म्हणून मोडते.

काय सुचवायचं

पावडरचा महागडा डबा नाही. ५० ग्रॅम हरभरे (कोरडं वजन) रात्री भिजवून, दोन अंडी, पाव लिटर दूध: तिन्ही मिळून ३१-३२ ग्रॅम प्रथिनं. वरच्या मुलाचा दिवस १०५ ग्रॅमवर, किलोमागे १.७ वर जातो. अंडी चालत नसतील तर ३० ग्रॅम सोयाबीन वड्या, सुमारे १५ ग्रॅम. भिजवलेले हरभरे ग्राउंडला जाण्याआधी मुठीने खाण्याची पद्धत आहे, ती मोडा. पोटात वायू धरतो, बरगडीखाली कळ येते, आणि दोष पळण्याला जातो. पळण्याआधी अर्धा-पाऊण तास एक केळ बास. हरभरे, अंडी परत आल्यावर.

मुलींच्या बाबतीत प्रथिनांआधी लोह बघा. त्यांची रोजची गरज २९ मिलिग्रॅम, मुलांची १९. चार भाकरींतून १३ च्या आसपास मिळतं, आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. चहा तासभर पुढे ढकला, ताटात लिंबू किंवा पेरू ठेवा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर सरकारी दवाखान्यात पाठवा. गोळ्यांचा डोस तुम्ही सांगायचा नाही.

घामासाठी पळण्याआधी आणि नंतर वजन घ्या, अंग पुसून. ६२.४ चे ६१.३ झाले आणि मध्ये २०० मि.ली. पाणी प्यायला, तर घाम १.३ लिटर. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट होऊ द्यायची नाही. या मुलाला ती रेषा सव्वा किलोची. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ हे पुरतं. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं की उलटी होते.

पावडरचा प्रश्न येणारच. डबा हातात घ्या, त्यावर १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक आहे का बघा, आणि एका मापातली प्रथिनं किती हे दोन अंड्यांच्या शेजारी किमतीसह लिहून दाखवा. मैदानाबाहेर मिळणाऱ्या, लेबल नसलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शनबद्दल कोणी सांगितलं तर ते घेऊ नकोस आणि डॉक्टरांना दाखव, एवढंच सांगा. डोस, पर्याय यात शिरू नका. पदवीच्या विद्यार्थ्याने स्वतःला आहारतज्ज्ञ म्हणवू नये, आणि मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला तक्ता देऊ नये.

अहवाल

बारा जणांवरून सहसंबंध काढून 'सिद्ध झाले' लिहू नका. सरासरीबरोबर मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या, कारण बारातला एक पैलवान सगळी सरासरी ओढून नेतो. पद्धतीच्या भागात काट्याचा प्रकार, वाटीचं माप, पिठाचं वजन करण्याची रीत आणि वगळलेले दिवस लिहा. परीक्षक तोंडी परीक्षेत नेमकं इथेच बोट ठेवतात. पुस्तकी वाटीने काढलेला आणि तोलून काढलेला आकडा शेजारी-शेजारी दोन स्तंभांत द्या. हा तक्ता तुमच्याशिवाय कोणाकडे नसेल.

शेवटी प्रत्येकाला त्याचा एक पानाचा कागद द्या, मराठीत: चार फेऱ्यांच्या वेळा, दिवसाची प्रथिनं, घामाचा आकडा आणि दोनच सूचना. मावशींना डाळ-पाण्याचा हिशेब वेगळा, एकट्यात दाखवा. पोरांसमोर दाखवलात तर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्या स्वयंपाकघरात पाय ठेवू देणार नाहीत.